कान मोजणारे आणि कान देणारे

‘अहो, नभोवाणीवरचे बोलणे हल्ली ऐकतो कोण?’ हा प्रश्न अलीकडे इतक्या खात्रीने विचारला जातो, की विचारणाराला उत्तराची गरजच नसते. प्रश्न टाकून तो चहाचा घोट घेतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. भाषणे, संवाद, श्रुतिका, शेतकऱ्यांसाठी माहिती, स्त्रियांचे कार्यक्रम, हे सारे जणू केव्हाच मेले आहे आणि आता फक्त तेरावा उरकायचा राहिला आहे, असा त्याचा सूर. माझे म्हणणे असे, की हे बोलणे मेलेले नाही. त्याला मारण्यात येत आहे. मारणाराच्या हातात सुरी नाही, आकडा आहे. म्हणून रक्त दिसत नाही, इतकेच.

दिवाळीच्या अंकात हे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. पण चिवड्यात मिरचीचा तुकडा असतोच, आणि तो वेचून बाजूला ठेवणाराच्या तोंडालाही चव त्याच्यामुळेच येते. शिवाय विषय सणाला अगदी परका नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे नभोवाणीवरचे कीर्तन लागल्याशिवाय ज्या घरांत पहिल्या अंघोळीला कोणी हलत नसे, अशी घरे वाचकांच्याही माहितीची असतील. नरकासुर आधी रेडिओवर मरायचा, कारीट मागाहून फुटायचे. आणि कीर्तन म्हणजे तरी काय? एकाने बोलायचे आणि साऱ्या घराने ऐकायचे. नभोवाणीचा धंदा मुळात तोच आहे.

आता भांडण काय आहे ते सांगतो. आपली जुनी केंद्रे मध्यम लहरींवर बोलत आली, रेडिओच्या तबकडीवर ज्यांना मीडियम वेव्ह म्हणत त्या. मुंबईचे ५५८ आणि पुण्याचे ७९२ हे आकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून पाठ असतील. या लहरी जमिनीच्या अंगाने लांबवर सरपटत जातात, आणि रात्री तर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून शेकडो मैलांवर उतरतात. एफ्. एम्. चे तसे नाही. तिचा आवाज धुतल्या तांदळासारखा स्वच्छ, पण चाल नजरेच्या रेषेतली. मध्ये सह्याद्रीचा एखादा खांदा आला, की अलीकडे गाणे आणि पलीकडे खरखर. आता सगळा ओढा एफ्. एम्. कडे आहे. २८ एप्रिल २०२३ या एका दिवशी देशभरात आकाशवाणीचे ९१ नवे एफ्. एम्. प्रक्षेपक सुरू झाले. आनंदाचीच गोष्ट. पण त्या प्रत्येकाची शक्ती १०० वॉट होती, आपल्या जुन्या काचेच्या दिव्याएवढी. तेवढ्यात तालुक्याचे गाव आणि भोवतालची खेडी उजळतात. त्यापुढे अंधार, आणि जिल्हा त्यापुढे पुष्कळ उरतो.

मध्यम लहरींची कैफियत मी डोळे मिटून मांडत नाही. त्यांचा मनोरा उंच, वीज फार खाणारा. घरात विजेची नवी उपकरणे वाढली तशी त्यांची कुरकुर त्या लहरींत मिसळते, आणि हातातला फोन तर त्यांना ओळखतही नाही. एफ्. एम्. मात्र फोनवर लागते. पण बहुतेक फोनांना त्यासाठी कानात घालायची दोरी जोडावी लागते, म्हणजे ऐकणारा एकटाच. फळीवरच्या रेडिओचा आवाज चुलीपासून गोठ्यापर्यंत जात असे. एका रेडिओमागे किती कान, याचा हिशेब कोणत्याही वहीत बसत नसे.

आणि पडती वेळ येते तेव्हा? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मंडणगड, दापोली, श्रीवर्धन या भागांत विजेचे खांब आडवे झाले, फोनचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. अशा वेळी दूर, वादळाच्या तडाख्याबाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपकाचा शब्द सेलवरच्या रेडिओवर येऊ शकतो, तो लांब जाणाऱ्या लहरींवरच. गावातलाच छोटा मनोरा गावाबरोबर पडतो.

तरीही मी म्हणतो, बोलणे एफ्. एम्. वर न्यायचे तर खुशाल न्या. स्वच्छ आवाज कोणाला नको आहे? प्रश्न नेण्याचा नाही; नेऊन त्याला कुठे बसवणार, याचा आहे. एफ्. एम्. हे गाण्यांचे घर म्हणून सजले आहे. तिथे बोलणे म्हणजे तोंडी लावणे, दोन गाण्यांच्या मध्ये चिमूटभर. आणि हे आपोआप झालेले नाही, कायद्याने झाले आहे. ३ जुलै २००१ रोजी बंगलोरला पहिले खाजगी एफ्. एम्. केंद्र सुरू झाले, तेव्हापासून या केंद्रांना स्वतःची बातमी देण्यास मनाई घालण्यात आली. पुढे आकाशवाणीचे बातमीपत्र काना-मात्रा न बदलता लावण्याची मुभा मिळाली. रहदारी, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना या गोष्टी ‘बातमी नव्हे’ असेही ठरवून देण्यात आले. याचा अर्थ उघड आहे. उद्या नळाला पाणी येणार नाही, हे सांगता येते. का येणार नाही, असे कोणी विचारले की ती झाली बातमी! मग तो बिचारा निवेदक करणार काय? तो श्रोत्याला विचारतो, तुमच्या बायकोने आज डब्यात काय दिले? आणि आपण नाक मुरडून म्हणतो, काय हा पोरकटपणा.

वर्तमानपत्राला मोकळीक, दूरचित्रवाणीला मोकळीक, फोनवरच्या अफवांना तर धरबंधच नाही, आणि एकट्या नभोवाणीच्या तोंडाला मुसके. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले. सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, खाजगी एफ्. एम्. ला तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. दहा मिनिटे! तीही शिफारस. माणदेशात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ नावाची सामुदायिक वाहिनी २००८ पासून बोलू लागली. तिथल्याच माणसांनी, तिथल्याच बोलीत चालवलेली. तिच्याही वाट्याला हेच मुसके आले, आणि आवाजाला पाचदहा मैलांची वेस.

आता आकड्याकडे येतो. खाजगी केंद्रे जाहिरातींवर जगतात, तेव्हा कोणाला किती लोक ऐकतात हे जाहिरातदाराला हवेच. २००७ साली आपल्याकडे अशी नियमित मोजणी सुरू झाली. निवडक माणसांकडे रोजनिशी द्यायची आणि त्यांनी पाव-पाव तासाच्या रकान्यात आपण काय ऐकले ते भरायचे. मुंबई, दिल्ली, बंगलोर, पुढे कलकत्ता अशी ती शहरे. साबण विकणाराला ही शहरे पुरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी, की मोजणी मुंबईच्या कानांची आणि धडा साऱ्या महाराष्ट्राने घ्यायचा! त्या वहीत मंडणगड नाही, मेळघाट नाही, म्हसवड नाही. पण ‘लोकांना बोलणे नको, गाणी हवीत’ हे वाक्य मात्र या गावांच्या नावाने बोलले जाते.

मी मास्तर माणूस, मला यात हजेरीपट दिसतो. वर्गात साठ मुले बसली होती, ही हजेरी. साठांतल्या कितींना त्रैराशिक कळले, हे हजेरीपट सांगत नाही, त्याला उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात. तपासनीस शाळेत येऊन नुसता हजेरीपट पाहील आणि ‘गणिताच्या तासापेक्षा खेळाच्या तासाला मुले जास्त असतात, तेव्हा गणित बंद करा’ असा शेरा मारील, तर गावातली आईबापे त्याला वेशीपर्यंत पोचवून येतील. नभोवाणीच्या बाबतीत हाच शेरा आपण मुकाट्याने ऐकून घेतो.

शिवाय हा हजेरीपटही गाण्याच्या सोयीचा आखलेला आहे. गाणे लावून माणूस चार तास कामाला बसतो. त्याचे सोळा पाव तास जमेला धरले जातात, मग त्यातली दोन गाणी त्याने ऐकली असोत की दोन ओळी. कापसावर कोणती फवारणी करायची, एवढे ऐकायला शेतकरी संध्याकाळी रेडिओ लावतो. पंधरा मिनिटे कान देऊन ऐकतो, बंद करतो आणि सकाळी तसे करतो. वहीत त्याचा रकाना एक. पीक वाचले, त्याला रकानाच नाही.

लोक विलायतेचे दाखले देतात, तर अमेरिकेचेच पाहू. कारण बोलणे एका लहरीवरून दुसरीवर नेण्याचा खेळ तिथे जितका झाला तितका कुठेच नाही. मध्यम लहरींना तिकडे ए. एम्. म्हणतात. १९७० नंतरच्या दशकात गाण्यांचे श्रोते एफ्. एम्. कडे गेले आणि ओस पडलेल्या ए. एम्. वर बोलण्याने बस्तान बसवले: बातम्या, वाद, फोनवरून प्रश्नोत्तरे. तीसएक वर्षांनी हे बोलणेही एफ्. एम्. कडे सरकू लागले. वॉशिंग्टनचे डब्ल्यू. टी. ओ. पी. हे बातम्यांचे केंद्र २००६ च्या जानेवारीत एफ्. एम्. वर गेले. बातमीदारांचा ताफा तसाच ठेवून गेले, आणि पुढे त्या देशातल्या सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या केंद्रांत त्याची गणना झाली. म्हणजे एफ्. एम्. वर बोलणे चालत नाही, ही थाप आहे.

दुसरे उदाहरण सान फ्रान्सिस्कोच्या के. जी. ओ. चे. हे ए. एम्. वरचे बोलके केंद्र सुमारे तीस वर्षे त्या शहरात पहिल्या क्रमांकावर होते. तिथेही मोजणी रोजनिशीची. मग एक यंत्र आले. माणसाने ते कमरेला लावून हिंडायचे, आणि आसपास जे केंद्र वाजत असेल त्याची खूण ते आपोआप टिपणार. ज्या केंद्रावर जीव आहे त्याचे नाव माणूस रोजनिशीत आठवणीने लिहितो. यंत्राला जीव कळत नाही, वाण्याच्या दुकानात वाजणारे गाणेही त्याला तितकेच प्रिय. के. जी. ओ. चा पहिला क्रमांक गेला. त्यातच मालकी बदलली. २०११ च्या डिसेंबरात तिथल्या बहुतेक जुन्या बोलणारांना निरोप मिळाला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात त्या जागेवर खेळांवर पैजा कशा लावाव्यात याची चर्चा सुरू झाली. शहराचे गाऱ्हाणे जिथे मांडले जाई तिथे जुगाराचा फड! श्रोता एका रात्रीत बदलला नव्हता, मोजपट्टी बदलली होती आणि मालकाला खर्च नको होता. एवढे सारे केल्यावर, मोटारींतून ए. एम्. काढून टाकू नका, असे बजावणारे विधेयक २०२३ पासून त्यांच्याच संसदेत हिंडते आहे, हेही दाखले देणारांनी सोबत सांगावे.

पण उत्तरपत्रिका तपासता येते कशी, हे शिकायला सातासमुद्रापार जायचे कारण नाही. ती आपल्या घरीच तपासली गेली आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे घेतली. गावोगावी श्रोत्यांचे एकेक मंडळ केले. आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेती, आरोग्य, शिक्षण, पंचायत अशा विषयांवर कार्यक्रम लावायचा, असे वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की मंडळाने तिथेच बसून त्यावर बोलायचे, शंका केंद्राकडे लिहून पाठवायच्या, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतले पॉल न्यूराथ यांनी परीक्षण केले. गावकऱ्यांना आधी काय ठाऊक होते ते विचारले, कार्यक्रमांनंतर पुन्हा विचारले. ज्या गावांत मंडळे नव्हती तीही ताडून पाहिली, त्यांत रेडिओ असलेली गावेही होती.

निष्कर्ष डोळे उघडणारा होता. मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान भराभर वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. हा दुसरा भाग माझ्या विरोधकांना आवडेल, म्हणून मीच सांगून टाकतो. पण त्याचा अर्थ बोलणे फुकट गेले असा नाही. बोलण्याला उलट उत्तर येण्याची वाट होती तिथे ते रुजले, असा आहे. ही वाट जवळच्या केंद्रालाच असते. दूरच्या मोठ्या शहरातून साऱ्या राज्याला एकच कार्यक्रम वाढणाराला गावची शंका कळणार कुठून आणि उत्तर देणार कोण? १९५९ साली ही योजना देशभर नेली, तिच्यावर इंग्रजीत पुस्तकही निघाले. आज आपल्याकडे मोजणीची चर्चा चालते तेव्हा पुण्याच्या या प्रयोगाचे नाव कोणी काढत नाही. दीडशे मराठी गावांनी दिलेली परीक्षा आपण रद्दीत घातली आणि साबणवाल्यांचा हजेरीपट डोक्यावर घेतला.

इथे कोणी चतुर वाचक मला केसकरांची आठवण देईल. देणे रास्तच आहे. बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, म्हणून त्यांनी ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हुसकून लावली. लोकांनी काय केले? रेडिओची खुंटी पिळली आणि सिलोन लावले. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ तेव्हापासून घराघरांत शिरली, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच विविधभारती काढावी लागली. श्रोत्याला कान धरून ऐकवता येत नाही, हे मला मान्य आहे. मी गाण्यांचा शत्रू नाही. या पुणे केंद्राने १९५५-५६ साली ‘गीतरामायण’ ऐकवले, आणि आधी मोजणी करून नव्हे. पण केसकरांनी गाण्याला दाराबाहेर उभे केले ही जर चूक, तर आज बोलण्याला उभे करणे शहाणपण कसे?

बोलणेच नीरस असते, हा आणखी एक आरोप. काही असते, ‘अमुक विषयावर तमुक अधिकाऱ्यांचे विचार’ ऐकताना मलाही डुलकी लागते. पण बोलणे रसाळ करायला रसाळ माणसे नेमावी लागतात. व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम करीत. शंकर पाटीलही काही काळ तिथेच. खेड्यातला माणूस कसा बोलतो, कुठे थांबतो, कुठे खाकरतो, हे ज्यांच्या कानात होते ती माणसे. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ मध्ये नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुरतडकरांचे पंत आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भाऊजी महागाईवर नुसते बोलत असत, आणि घरोघर भाजी निवडणारे हात थांबत. गाणे नाही, वाद्य नाही, तीन माणसांचे बोलणे. आता केंद्रांचा पुष्कळसा भार दिवसावारी बोलावलेल्या निवेदकांच्या खांद्यावर आहे. लेखकाची खुर्ची रिकामी ठेवायची, श्रुतिकेचे मानधन प्रवासखर्चालाही पुरू नये असे द्यायचे, जुन्याच ध्वनिमुद्रिका फिरवायच्या, आणि श्रोते घटले की म्हणायचे, बोलणे कोण ऐकतो?

कोण ऐकतो, याचे उत्तर मधून मधून मिळतेही. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा हुकूम निघाला. पुण्याच्या बातम्या पुण्याने न सांगता दुसऱ्या शहराने सांगायच्या. लोकांनी आरडाओरड केली आणि हुकूम थांबवावा लागला. ज्या बातमीपत्राला कोणी कानच देत नव्हते, त्याच्यासाठी ओरडले ते कोण?

आणि आकड्याला शेवटचा शब्द द्यायचाच, तर तो नभोवाणीच्या जन्मालाच द्यायला हवा होता. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत केंद्र सुरू झाले ते एका खाजगी कंपनीचे. परवाने घेणारे श्रोते इतके थोडे, की १९३० साली कंपनी बुडाली. त्या दिवशीचा आकडा सांगत होता, की या देशाला रेडिओ नको आहे. कोणीतरी तो न ऐकता केंद्र चालू ठेवले.

माझी मागणी लहान आहे. कोणत्याही केंद्राची मध्यम लहर बंद करण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी, सही करणाराने दोन रेडिओ घेऊन त्या केंद्राच्या शेवटच्या टोकाला जावे: मंडणगडच्या एखाद्या वाडीत, सातपुड्याच्या पायथ्याला, माणदेशातल्या एखाद्या वस्तीवर. दिवेलागणीला ओसरीवर बसावे. एकावर जुनी लहर लावावी, दुसऱ्यावर एफ्. एम्. दुसऱ्याचा आवाज स्वच्छ आला, तर घरधन्याचा चहा घेऊन परत यावे आणि खुशाल सही करावी. खरखर आली, तर कागद खिशात ठेवून त्या घरातल्या म्हाताऱ्याला, सुनेला, शाळेतल्या पोराला विचारावे, की गेल्या आठवड्यात रेडिओवर काय ऐकलेत आणि ऐकून काय केलेत. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून आणावे. त्या वहीत आकड्यांचा रकाना नसला तरी चालेल.